चतुराबाई वाढता वाढता का उठली?

नाशिक,
रविवार

आदरणीय आक्कास,

धाकट्या धनराजचा सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? सायखेड्यात त्या गोळ्या मिळत नसतील तर कळव, इथून आणतो. इकडे सगळे ठीक. (सगळे म्हणजे मी. तेही नीटसं नाही.)

रिटायर झाल्यावर मी बी.ए.ला बसलो, हे तुला माहीत आहेच. बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला एक कादंबरी काय जड, असं वाटलं होतं. आता मंगळवारी तोंडी परीक्षा आणि गाडी एकाच प्रश्नावर अडली आहे : चतुराबाई का दुखावली? ही कादंबरीतली बाई नवऱ्याला वाढता वाढता सांगते, की तिची लहानपणची मैत्रीण वारली. तो म्हणतो, "हं. कालवण झकास झालंय." बाई उठून परसात जाते आणि पुढची चाळीस पानं त्याच्याशी बोलत नाही! आक्का, ते पान मी अकरा वेळा वाचलं. माणूस ओरडला नाही, ताट भिरकावलं नाही, उलट कौतुकच केलं. (मी कौतुक करत नाही म्हणून संध्याकडून लग्नापासून ऐकून घेतोय.) शेवटी वहीत लिहिलं, 'डोळ्यांत धूर गेल्यामुळे.'

तरी धीर होईना, म्हणून गुरुवारी जेवताना पुस्तक संध्यापुढे धरलं. तिने ते पान वाचलं. मग म्हणाली, "सोमवारी मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"सिलिंडरचं?"

"नाही."

"गिझरचं?"

तिने पुस्तक मिटलं. मी घाबरून म्हणालो, "भाजी मात्र आज झकास झालीय हं."

आक्का, शब्द तोंडातून निघाला आणि चतुराबाई मला लख्ख कळली. पण तोवर संध्या पिशवी भरायला लागली होती. तीन दिवस फोन उचलत नाही. उत्तर आता तोंडपाठ आहे, घास मात्र उतरत नाही.

तुझा,
धनराज

ता. क. भिका रिक्षावाला म्हणाला, तिला सायखेड्याच्या गाडीत त्यानेच बसवलं. म्हणजे ती तुझ्याकडेच आहे. सोमवारी ती काय म्हणाली होती, तेवढं गुपचूप कळव.

आणखी एक ता. क. नको, कळवू नकोस. तिलाच विचारतो. परीक्षा राहिली तर राहिली. टपालाने हे दोन-तीन दिवसांनी मिळेल, म्हणून उद्या सकाळी हातातच घेऊन येतो. मी दारात उभा राहीन. आधी हे वाच, मग मला आत घे.