पाच पायांचा घोडा

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. वाचताना तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तुझी लेक शाळा सुटल्यावर माझ्या शिवणाच्या दुकानात येते, ती तुला वाटतं तसं गणितासाठी नाही. गणित तिला माझ्यापेक्षा बरं येतं. ती कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांचा घोडा शिवतेय. पाच पायांचा. पाचवा कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "एक दुखला तर?" मी इतकी हसले की सुई बोटात गेली. तूही हसला असतास म्हणा, पण आधी तो पाय उसवला असतास.

गेल्या वर्षी तिने शाळेच्या स्पर्धेसाठी केलेलं पुठ्ठ्याचं घर आठवतंय? सुताराचा हात तुझा, वाकडं बघवत नाही. ती शाळेत गेल्यावर तू भिंती सोडवल्यास, काटकोनात बसवल्यास, छपराला पॉलिशसुद्धा मारलंस! पहिला नंबर आला आणि ती स्टेजवर गेलीच नाही. तू सगळ्यांना सांगत सुटलास, पोरगी लाजाळू आहे. लाजाळू कसली, डोंबल! मला म्हणाली, "बक्षीस बाबांचं होतं, आत्या."

तुझा लेक वेगळा. त्याला कितीही बोल, पालथ्या घड्यावर पाणी. खिदळत पुढचा उद्योग शोधतो. त्याच्या मापाने तू हिला मोजतोस, तिथेच चुकतं. ही उलट बोलत नाही, करायचंच सोडून देते. वर्षभरात घरी एक चित्र तरी काढलं का तिने? वहिनी म्हणते, शहाणी झाली हो. असल्या शहाणपणाचा मला संताप येतो. तुझा जीव आहे तिच्यावर, ठाऊक आहे मला. म्हणून तर जास्त वैताग येतो. परका असतास तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

शनिवारी शाळेत प्रदर्शन आहे, घोडा तिथेच मांडायचाय. प्रत्येक मुलाने घरचं एक मोठं माणूस आणायचंय. तिने मला बोलावलंय, आणि तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय. ती शपथ मी आत्ता मोडली. चिडेल, चार दिवस दुकानात फिरकणार नाही, चालेल मला. पण बाप धडधाकट असताना त्याच्या जागी मी उभी राहणार नाही. तू जा. हात खिशात घालून जा, आणि ती म्हणेपर्यंत बाहेर काढू नकोस.

तुझीच, तुझ्यावर जाम वैतागलेली,
धाकटी