मामाचा हलणारा दात

१२ जून

चि. जंतूताई,

पोटभर आशीर्वाद. तुझी मामी खुशाल, मी अर्धा खुशाल. वरचा पुढचा दात हलतोय. ट्रम्पेट ओठांना लावला की जीव मुठीत धरून फुंकतो. महिनाअखेरीच्या कार्यक्रमात माझा एकट्याचा तुकडा आहे आणि आमच्या वाद्यवृंदाचा संचालक आतापासूनच दुसऱ्या वादकाकडे प्रेमाने बघतोय. वाजवणं सुटलं तर मी काय करू गं? घरात बसून मामीच्या डोक्यावर मिऱ्या वाटू?

हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून ब्रश केव्हाच बंद केला, त्यांना जरा आराम. आता कडक औषधाने चुळा भरतो. तू दिवसभर तोंडातले जंतूच पाळतेस, तर याहून जालीम काहीतरी सांग. डॉक्टरीणबाईंकडे जा म्हणू नकोस, त्या उपटूनच टाकतील.

तुझा, अजून दातासकट,
मामा

१८ जून

ती. मामास सा. न. वि. वि.,

विनंती एवढीच की वेडेपणा थांबव! आम्ही इथे प्रयोगशाळेत जंतूंना उपाशी ठेवतो, आम्लात बुडवतो, तुझ्यासारखंच औषध पाजतो. वरवरचे मरतात. आतले चिकट थराखाली एकमेकांना बिलगून, सगळे उद्योग बंद करून गप्प पडतात आणि संकट टळलं की पुन्हा हातपाय पसरतात. त्यांच्याशी झुंजताना हिरडी सुजते, हाड झिजतं, मग दात हलतो. रक्त त्या थरामुळे येत होतं, आणि तू नेमका ब्रशच बंद केलास!

ट्रम्पेटच्या नळीतला बुळबुळीत थर पाण्याने जात नाही म्हणून तू लांब ब्रश घालून घासतोस ना? मग दातांनीच काय घोडं मारलंय? हिरडीखाली मात्र तुझा हात पोचणार नाही, तिथलं बाईंनाच खरवडू दे. दात वाचेलच असं छातीठोक सांगत नाही. पण मला भीती वाटतेय, मामा. चेष्टा बाजूला ठेव आणि जा.

रागावलेली, तरी तुझीच,
भाची

२ ऑगस्ट

चि. जंतूताई,

तुला आशीर्वाद, तुझ्या पाळीव मंडळींना शिव्याशाप.

मामीने हाताला धरून नेलं. बाईंनी खरवडून काढलेलं दाखवलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. एक दाढ गेली. पुढचा दात शेजाऱ्यांना बांधून ठेवला आणि ट्रम्पेटला हात लावायचा नाही म्हणाल्या. माझा तुकडा दुसऱ्याने वाजवला. चांगला वाजवला मेल्याने! मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन न जेवता झोपलो.

ब्रश रोज चालू आहे, रक्त थांबलंय. आज बाईंनी परवानगी दिली. खिडकीशी उभा राहून आधी हळूच एक सूर लावला, मग मोठा, मग घाबरत घाबरत माझ्या तुकड्यातला तो वरचा. मामी हातातलं काम टाकून दारात आली आणि दात हलला का म्हणून विचारू लागली. उत्तर द्यायला ट्रम्पेट ओठांवरून काढावा लागला असता. मी काढला नाही.

लोभ आहेच, तोही रोज घासूनपुसून ठेव.

तुझा,
मामा