आईसाठी दिलेलं रक्त

चिंबोते, शुक्रवार

विल्मर,

तुझी आई आज माझ्या दारात गुडघे टेकून बसली होती. "पोरी, माझ्या पोराने तुला एचआयव्ही दिला. त्याला माफ कर," म्हणाली. मी म्हटलं, "केलं, आई."

माझ्या आईच्या ऑपरेशनसाठी दवाखान्याने घरच्यांकडून रक्त मागितलं, तेव्हा मीच तुला पुढे केलं. "बोटीवर जाळी ओढतोस, एवढं रक्त ठेवून काय करणार आहेस?" तू हसत बाही वर केलीस. दोन दिवसांनी नर्सने तुला बोलावून घेतलं. तू घरी येऊन रडलास आणि मला सगळं सांगितलंस.

कोर्टात मी म्हटलं, याने मला अवाक्षर सांगितलं नाही. तुझा रिपोर्ट मार्चचा, माझा जूनचा. न्यायाधीशबाईंना तेवढं पुरलं.

त्या मार्चच्या दोन वर्षं आधी मी त्रुहियोला जाऊन खोट्या नावाने तपासून घेतलं होतं, आणि एचआयव्ही निघाला होता. तेव्हा तू मला भेटलाही नव्हतास. तुला ते कळावं असं मला वाटायचं, फक्त माझ्या तोंडून नको; दिलेलं रक्त दवाखान्यात तपासतात, हे मला ठाऊक होतं. पुढे माझ्या भावांनी विचारलं, कुणी दिला, आणि तुझं नाव अगदी सहज आलं. मी रडलेसुद्धा.

हे पत्र मी आता चुलीत घालणार आहे.

निघताना तुझ्या आईने विचारलं, "रविवारी तुरुंगात भेटायला जातेय. काही निरोप?"

मी म्हटलं, "गोळ्या वेळेवर घे म्हणावं."

तुझ्यामुळे बिचारी ठरलेली,
नेलिडा