दोरीच्या आत

३ मार्च
घरटं सापडलं! किनाऱ्याच्या दक्षिण पट्ट्यात चिखल्याची मादी बसली आहे. मूठभर पाखरू, वाळूचाच रंग. दुर्बिणीतून पंधरा मिनिटं पाहिलं, ढिम्म हलली नाही. जवळ गेले नाही. ती उठली की अंडी उन्हात भाजतात. लांबूनच चार खुंट्या, दोरी, पाटी. नोंदवहीत लिहिलं : घरटे एक, अंडी तीन.
आता पट्टा बंद! नाहीतर आमचे साहेब एक एप्रिलपासून तिथे पर्यटकांच्या मोटारसायकली सोडणार होते.

४ मार्च
अंडी तीन. कोणी पाहिली? चिखल्या बहुधा तीन घालते, म्हणून तीन. "पाहिलं तेच लिहा" असं दर सहलीत मुलांना सांगते कोण? मीच!

७ मार्च
शाळेची सहल, चाळीस मुलं. आईलाही नेलं. गुडघ्यांमुळे तिला वाळूत चालवत नाही, म्हणून घडीची खुर्ची, थर्मास आणि विणकाम. मी मुलांना खेकड्यांची बिळं दाखवून परतले, तर म्हणते, "अगं, तुझी ती बया नाटकी आहे. तू असलीस की दोरीत बसते. तू पाठ फिरवलीस की तुरुतुरु त्या ओंडक्यापाशी."
शत्रूला चकवायला खोटंच अंड्यांवर बसून दाखवायचं — ही युक्ती मी अठरा वर्षं शिकवते आहे. आणि मलाच टोपी! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.
मग एकदम आठवलं. दोरी चुकवायला मी मुलांची रांग वळवली होती ती ओंडक्याजवळूनच.

८ मार्च
सकाळी ओंडक्यापाशी एकेक पाऊल तपासत गेले. अंडी दोन. शाबूत! सर्वांत जवळचा बुटाचा ठसा वीतभर अंतरावर. माझाच. मुलं शहाणी.
तिथेही दोरी बांधली. पण ओंडका पट्ट्याच्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे पट्ट्यात घरटं नाहीच. सांगावं?

९ मार्च
सांगितलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मॅडम, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"
"मला."
"मग आधी ठरलं तसंच. एक एप्रिलला पट्टा मोकळा, तोवर तिकडची पिल्लंही निघतील. तुमची ती रिकामी दोरी तेवढी काढून ठेवा."
घरी तोंड पाडून बसले. खरेपणासाठी सांगितलं, की स्वतःला बरं वाटावं म्हणून? आई म्हणाली, "खरं बोललीस ना? मग आता जेव."

१६ मार्च
आई रोज येते. "तुझ्यासाठी नाही गं, तिच्यासाठी."

२७ मार्च
पिल्लं! दोन! कापसाचे बोळे, खाली काड्यांचे पाय. आईनं विणकाम वाळूत टाकलं आणि टाळ्याच वाजवायला निघाली. मी हात धरला. मग दोघी तोंड दाबून हसत बसलो.

३१ मार्च
रिकामी दोरी सोडायला गेले. महिनाभर अख्ख्या किनाऱ्यावर माणूस फिरकला नाही अशी तेवढीच जागा. एक खुंटी उपटली आणि आतून एक मादी उठली. नाटकी बया नव्हे. ती तिकडे पिल्लांमागे पळत होती. ही दुसरी.
अंडी तीन. पाहिली.
खुंटी पुन्हा ठोकली.