डावीकडची खिडकी

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. खोली एवढीशी आहे, हात पसरले की दोन्ही भिंती लागतात, पण ऊन येतं. आईला सांग, वेळेवर जेवतोय.

बाबांनी काढून दिलेला विमानतळाचा नकाशा तंतोतंत निघाला. चौथ्या खिडकीवरची रांग खरंच भराभर सरकते, आणि पाण्याचा नळ प्रार्थनेच्या खोलीमागेच आहे. एकतीस वर्षं विमानांना जागेवर लावणारा हा माणूस स्वतः एकदाही विमानात बसला नाही, पण आतलं सगळं पाठ!

आणि हो, डावीकडच्या खिडकीतून बाबा दिसले. ठरल्याप्रमाणे विमान वळताना त्यांनी विमानांना खुणा करायच्या दोन्ही दांड्या तीनदा वर केल्या. मीही हात हलवला. एवढं त्यांना आठवणीने सांग.

माझं कपाट बळकावलंस तरी लोभ तेवढा ठेव.
तुझा धाकटा

३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पहिलं पत्र अजून बाबांच्या गणवेशाच्या खिशातच असतं. धुवायला टाकायच्या आधी मला ते काढून ठेवावं लागतं.

मार्चअखेर ते निवृत्त होतात. त्याआधी तू यायचंस आणि तुझं विमान त्यांनीच जागेवर लावायचं, असा हट्ट धरून बसलेत. पण तब्येत साथ देत नाही रे. जिन्यात मध्येच थांबतात आणि बुटाची नाडी बांधतोय म्हणतात. बुटांना नाडीच नाही. मार्चची वाट बघू नकोस.

आई आठवण काढते. मीही, पण सांगणार नाही.
ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वर्ष भरल्याशिवाय इथे रजा नाही. साहेबांच्या हातापाया पडून फेब्रुवारीची मिळवली. नऊ तारखेला पोचतो. बाबांना सांग, दांड्या पुसून ठेवा.

घाईत आहे, माया कमी नाही.
तुझा धाकटा

११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबा गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू सारखं एकच म्हणत होतास, की निदान त्या दिवशी खिडकीतून डोळे भरून पाहिलं. ते ऐकल्यापासून मला घास गिळवत नाही. म्हणून बाबांना दिलेला शब्द मोडते आहे.

त्या दिवशी बाबा धावपट्टीकडे नव्हतेच. तुझं विमान सुटायच्या तासभर आधी छातीत कळ आली आणि त्यांना तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीत झोपवलं. सामानाचा ट्रॅक्टर चालवणारे काका उशाशी होते. तुला कळलं तर तू विमानातून उतरशील, म्हणून बाबांनी आम्हा सगळ्यांना गप्प बसवलं.

तुझं पत्र मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगं खिडकीतून मला शोधशोधून थकलं असेल, आणि मला वाईट वाटू नये म्हणून खोटं लिहितंय, मी तिथे नव्हतो हे त्याला कधी कळू देऊ नका. तेव्हापासून तो हट्ट सुरू झाला. एकदा तरी तुझ्यासाठी खरोखर दांड्या वर करायच्या होत्या त्यांना.

काका म्हणतात, तू येशील तेव्हा बाबांच्या दांड्या ते वर करतील.

रागाव हवं तर, पण ये.
ताई

२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यावर कसला रागावू? मला खिडकी मिळालीच नव्हती, मधली जागा होती. खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी झडप ओढून डोळे मिटले, आणि उघडा म्हणायचा मला संकोच वाटला. बाबा उन्हात उभे असतील आणि मी बघितलं नाही, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार, म्हणून तसं लिहिलं.

मी शोधशोधून थकलो असं समजून गेले ते. ताई, मी शोधलंच नव्हतं गं.

या वेळी डावीकडची खिडकी मागून घेतली आहे. काकांना सांग, दांड्या घरीच राहू द्या. तिथे कोणी नसलं तरी विमान थांबेपर्यंत मी बाहेर बघत राहणार आहे.

आता तूच मोठी. लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा