चारांचा गर

२ मे १९६२, दिग्रस
लीलाला आजही काही गेलं नाही. सातवा चालू. रक्त फार कमी, असं डॉक्टर म्हणतात. लोहाच्या गोळ्या दिल्यात, पण पोटात टिकत नाहीत. पुसदहून विहीणबाईंचा निरोप आला : महिनाअखेर तब्येत सुधारली नाही, तर सून इकडे, दवाखान्याजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांना ठाऊक आहे, तरीही. लीला ऐकून भिंतीकडे वळली.

४ मे
तांड्यावरची सोमली चारं, म्हणजे चारोळीची पिकली फळं, घेऊन आली. काळी, चिकट, पळसाच्या पानात. लीलानं दोन ओंजळी खाल्ल्या. उलटी नाही! बिया अंगणात लांब लांब थुंकत बसली, लहानपणीसारखी.

५ मे
नागपूरला अण्णाला पत्र. भाऊ प्रयोगशाळेत आहे तर बहिणीच्या उपयोगी पडू दे. चारांच्या गरात काय काय असतं ते तपास, लोह मुख्य. खरं म्हणजे वि.बाईंपुढे ठेवायला मला एक कागद हवाय. पोरीला रानातलं खाऊ घालते, असं त्या म्हणणारच.

९ मे
सोमलीला म्हटलं होतं, नागपूरच्या साहेबांसाठी चांगली चारं आण. आज आणली ती व्यापाऱ्याला देतात तशी. भिजवून, रगडून, सगळा गर धुऊन टाकलेला. चारोळी फोडायच्या नुसत्या खडखडीत बिया.
“साहेबाले चिकट कसं देवाव, बाई?”
म्हटलं, अगं, तो चिकटपणाच तपासायचाय.
“तो त नाल्यात गेला. तुमचा साहेब गर तपासते अन् बी फेकते? मंग त्याचा धंदा कसा चालते?”
लीला पोट धरून हसली. किती दिवसांनी.

११ मे
ताजी चारं मडक्यात, वर ओलं फडकं. बसच्या कंडक्टरनं पायाशी ठेवून घेतली. घरी येईपर्यंत एकच विचार, की लोह निघू दे.

२० मे
अण्णाचं पत्र. साखर चांगली, लोह अगदी बेताचं. ‘ताई, तुला हवं ते उत्तर निघत नाही गं.’
लीलानं विचारलं, मामा काय म्हणतो. साखर आहे म्हणतो, म्हटलं. पुढचं तोंडातून निघेना.

२१ मे
सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे बंद का हे?”
बंद कशाला. चारं खाल्ल्यावर दिलेली गोळी टिकते, हे आताशा ध्यानात आलंय. भाकरीचा तुकडाही. अण्णाच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात बसायचं?

२४ मे
वि.बाई न कळवता आल्या. लीला ओसरीवर, मांडीत चारं, ओठ काळेजांभळे. वि.बाईंनी तिची नखं उजेडात धरून पाहिली. मग मला विचारलं, “यानं रक्त वाढते काय?”
लीला माझ्याकडे बघत होती.
“नाही,” म्हटलं. “रक्ताला गोळीच. पण हे खाल्लं की गोळी राहते.”
त्यांनी एक चार उचललं, बोटांत दाबून पाहिलं. तोंडात टाकलं नाही, परत ठेवलंही नाही.
जेवणं झाल्यावर पुसदच्या बसची वेळ विचारली. एकटीसाठी की दोघींसाठी, ते बोलल्या नाहीत.