तांबूची वार ओढू नका

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. मी तांबूची औषधं आणायला वाकडला जातेय. काल दुपारी व्याल्यापासून तिची वार पडली नाही, म्हणून डॉक्टरबाईंना मेसेज करून बोलावलं होतं.

तुम्ही कामावर जाताना वारेला बांधलेली वीट मी बाईंच्या सांगण्यावरून सोडली. आल्या आल्या ती बघून म्हणाल्या, "ही गाय आहे का भिंतीवरचं घड्याळ? लंबक कोणी लावला?" ओढलं की वार आत तुटते आणि गर्भपिशवीला जखम होते, म्हणून परत हात लावू नका. त्यांनी हातमोजा घालून तपासलं, लोंबणारा भाग तेवढा कापला. उरलेली आपोआप सुटेल, आठवडाही लागेल म्हणाल्या. पण ताप एकशे चार निघाला, म्हणून इंजेक्शन दिलं. पाच वाजता थर्मामीटर लावून आकडा इथेच खाली लिहा. वाढला असेल तर लगेच त्यांना फोन करा. त्या सांगेपर्यंत दूध डेअरीला घालू नका.

आज माझं मौन मोडलं. त्यांच्या प्रश्नांना पाटीवर लिहून उत्तरं देत होते, पण तापाचा आकडा ऐकला आणि तोंडातून निघालंच, "वाचेल ना हो?"

दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही, हे अकरा वर्षं पाळलं. तुम्ही चारचौघांत त्याचं कौतुक करता. खरं तर दिवसभर घरात कोणी नसतंच, त्यामुळे ते अवघड कधी गेलं नाही.

मी येईपर्यंत घरीच थांबता आलं तर थांबा. आज बोलायला हरकत नाही.

दीपमाला